रन्ट, आमचा धाकटा बंब

अकोल्याला आईला फोन करून सांगितलं की मी आता बंबावर जाते, तर तिला वाटलं मी अंघोळीच्या पाण्याच्या बंबाबद्दल बोलतेय. "अमेरिकेत अजून बंब तापवतात का गं?" असं तिनं विचारलं. आगीचा बंब, असं मी समजावून सांगितलं. मग ती म्हणाली, "जावईबापूंना माहीत आहे ना?"

जावईबापूंना माहीत होतं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की हेल्मेट नीट बांधत जा.

मी इंजिनिअर. ऐंशीच्या दशकात लग्न होऊन मिशिगनला आले आणि गाड्यांचे सुटे भाग तपासणाऱ्या एका लॅबमध्ये वर्षानुवर्षं काम केलं. २००१ च्या शरद ऋतूत लॅबनं आमचा सगळा विभाग बंद केला. नवरा, श्रीकांत, नोव्हाय या शहरात कामावर जायचा, मुलगी कॉलेजसाठी बाहेर. आमचं घर नोव्हायच्या बरंच पश्चिमेला, शेतं आणि तळी असलेल्या भागात. दुपारी आजूबाजूला चिटपाखरू नसायचं.

अशाच एका दुपारी रस्त्याकडेचं वाळलेलं गवत पेटलेलं दिसलं. मी ९११ ला फोन केला. मोठा लाल ट्रक आणि त्यावर सात-आठ माणसं, असं काहीतरी येईल अशी माझी अपेक्षा होती. आली एक पिकअप. लाल रंगाची, पण तो रंग ब्रशनं दिलाय हे लांबूनही कळत होतं. तिच्या पाठीवर पाण्याची टाकी, एक पंप आणि रबरी नळीचं मोठं रीळ. आणि आत एकच माणूस.

"तू मोकळी आहेस का?" त्यानं उतरता उतरता विचारलं. मी हो म्हटलं. त्यानं नळी ओढायला माझ्या हातात दिली. "मी पुढे जातो. नळी कुठे अडकू देऊ नकोस. बस्स, तेवढंच."

पाच-दहा मिनिटांत आग विझली. तो माणूस म्हणजे डेल, आमच्या टाउनशिपच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचा प्रमुख. टाउनशिप म्हणजे साधारण आपल्या ग्रामपंचायतीसारखं. पोटापाण्यासाठी डेल शाळेच्या बसेस दुरुस्त करायचा. आमच्या दलात पगारी कोणी नाही. कोणी सुतार, कोणी शिक्षक, कोणी कारखान्यात. कमरेला पेजर लावायचा, तो वाजला की हातातलं काम टाकून स्टेशनवर पळायचं. अमेरिकेतल्या बहुतेक लहान गावांच्या आगी असेच लोक विझवतात, हे इतकी वर्षं इथं राहून मला माहीत नव्हतं.

"बाकीचे कुठे आहेत?" मी विचारलं.

"कामावर. तास तासभर लांब." नळी गुंडाळता गुंडाळता त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तू दिवसा घरी असतेस का?"

अशी माझी भरती झाली.

प्रशिक्षण हिवाळाभर चाललं. शिडी, दोर, श्वसनाचं उपकरण, प्रथमोपचार. माझी उंची पाच फुटांना जेमतेम पोचते. आमच्या मोठ्या बंबावर सीट कितीही पुढे घेतली तरी क्लच पुरता दाबला जायचा नाही. धाकट्या पिकअपमध्ये मात्र पाय नीट पोचायचे. त्यामुळे ती माझ्या वाट्याला आली. सगळे तिला रन्ट म्हणत. रन्ट म्हणजे डुकरिणीच्या पिल्लांमधलं सगळ्यात किडमिडं पिल्लू. शेतकऱ्यांच्या गावात हे नाव कोणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

तिचा आधीचा जन्म वीज कंपनीत गेला होता. खांबांवर चढणारी माणसं आणि त्यांची अवजारं ती वाहायची. कंपनीनं मोडीत काढल्यावर डेलनं आणि तेव्हाच्या जुन्या मंडळींनी ती आणली आणि डेलच्या शेडमध्ये एक अख्खा हिवाळा खपून तिचा बंब केला. टाकी त्यांनी स्वतः वेल्ड केली. एका कोपऱ्यातून ती कायम पाझरायची, म्हणून स्टेशनमध्ये तिच्याखाली एक बादली असायची. पंपाला वेगळं छोटं इंजिन होतं, आपल्याकडे विहिरीवर असतं तसं. थंडीत ते सुरू करायचं तर चोक अर्धा ओढायचा, दोरी खेचायची, लगेच चोक सोडायचा. जरा जास्त ओढला की ते रुसायचं. आधी पंप सुरू करायचा आणि मगच रस्ता सोडून शेतात गाडी घालायची, हा डेलचा नियम. आगीजवळ पोचून दोरी खेचत बसायची वेळ कोणावर येऊ नये.

रन्टच्या टाकीतलं पाणी काही मिनिटंच पुरायचं. म्हणून ते कुठं मारायचं हे आधी ठरवावं लागे. गवताची आग असेल तर समोरून जायचं नाही. जळून गेलेल्या काळ्या बाजूनं शिरायचं आणि कडेकडेनं विझवत पुढं जायचं. काळ्यात पुन्हा आग लागत नाही, कारण जळायला काही उरलेलं नसतं. काही बिनसलं तर काळ्यात पळायचं. नव्या माणसाला आम्ही पहिल्याच दिवशी हे शिकवतो.

पहिली काही वर्षं बहुतेक किरकोळ कामंच आली. कारची इंजिनं, कचऱ्याचे ढीग, कोणाच्या तरी गॅरेजात अडकलेलं रॅकून नावाचं मांजराएवढं जनावर. एकदा नोव्हायला मंडळाच्या गणपतीत पेजर वाजला. मी कोणाला तरी एक पाककृती सांगत होते, ती अर्धवट सोडून उठले. एक काकू म्हणाल्या, "अगं, पैठणीवर आग विझवणार की काय?" पैठणीवर नव्हे, स्टेशनवर जाऊन कपडे बदलून. पण पदराच्या पिना काढण्यात इतका वेळ गेला की तेवढ्यात डेल एकटाच जाऊन परत आला. तेव्हापासून पेजर असेल त्या दिवशी मी पंजाबी ड्रेस घालायला लागले.

आणखी एक दुपार आठवते. शेतं विकून नवी घरं झाली होती, त्यातल्या एका घरातून आपोआप अलार्म आला. लहान गाडी लवकर निघते म्हणून असल्या कॉलला रन्टच आधी जायची. पोचलो तर दाराबाहेर चपला-बुटांचा ढीग. मी मनात म्हटलं, ओळखलं. आत वास्तुशांतीचा होम चाललेला, खोलीभर धूर आणि छतावर अलार्म किंचाळतोय. यजमान पुण्याचे, आयटीतले. ते इंग्रजीत सारखं सॉरी सॉरी म्हणत होते. माझ्यामागून येणारा डेल तो ढीग पाहून वाकून बूट काढायला लागला. मी त्याला म्हटलं, "बंबवाल्यानं कुठंच बूट काढायचे नाहीत." मग आत वळून म्हटलं, "गुरुजी, होम चालू द्या. फक्त खिडक्या उघडा आणि समिधा जरा बेतानं घाला."

हेल्मेटखालून मराठी ऐकून गुरुजींची आहुती हातातच राहिली. "तुम्ही कुठल्या?" त्यांनी विचारलं.

"अकोल्याची."

"मग बसा. प्रसाद घेऊनच जा."

डेलला शिरा फार आवडला. पुढे कुठंही अलार्म वाजला की तो विचारायचा, "हा त्या गोड रव्याचा आहे का?"

हे सगळं सांगतेय, पण रन्ट म्हटलं की मला आधी आठवतो तो वॉल्ट.

वॉल्ट एकटा राहणारा म्हातारा शेतकरी. ऐंशीच्या आसपास, अंगानं आडदांड, हट्टी. त्याचं शेत ओढ्यापलीकडे, आणि ओढ्यावर जुना लाकडी पूल. पुलावर वजनाच्या मर्यादेची पाटी होती. आमचा मोठा बंब त्यावरून जाऊ शकत नव्हता, रन्ट जायची. दर वसंतात वॉल्ट आपल्या बांधावरचं वाळलेलं गवत पेटवायचा. त्याचा बाप तसंच करायचा, म्हणून तो करायचा. दरवर्षी आग त्याच्या हातून जराशी सुटायची आणि दरवर्षी रन्ट जाऊन विझवायची. मग तो आम्हाला बार्नमध्ये नेऊन कॉफी आणि सफरचंदाचा पाय, म्हणजे आत सफरचंदाचं गोड सारण भरून भाजलेली जाड पोळी, द्यायचा. बार्न म्हणजे गवत, ट्रॅक्टर आणि अवजारं ठेवायची उंच लाकडी इमारत. ती त्याच्या बापानं शेजाऱ्यांच्या हातभारानं उभी केली होती. वॉल्टनं आपली सगळी हत्यारं तिथे भिंतीवर ओळीनं टांगली होती. तो घरात झोपायचा, पण राहायचा बार्नमध्ये.

डेल त्याला दरवर्षी सांगायचा, "वॉल्ट, एक दिवस वारा तुझं ऐकणार नाही."

२००५ च्या एप्रिलमध्ये तसंच झालं. भर दुपार होती आणि पश्चिमेचा वारा सुटला होता. पेजर वाजला तेव्हा मी स्टेशनच्या जवळच होते, डेल शाळेच्या गॅरेजमधून आला. मी रन्ट चालवत होते. मागून मोठा बंब आणि पाण्याचा टँकर येत होते, पण ते पुलाशीच थांबणार हे आम्हाला माहीत होतं. पुलापासून बार्नपर्यंत त्यांच्या नळ्या पुरण्यासारख्या नव्हत्या.

पूल ओलांडला आणि पंप सुरू केला. बांधावरची आग शेतात उतरली होती. कंबरभर वाळलेलं गवत होतं आणि ज्वाळा वाऱ्याबरोबर बार्नच्या दिशेनं चालल्या होत्या. मधे गवतात काहीतरी हललं. डेल म्हणाला, "थांब. तो वॉल्ट आहे."

तो ओलं पोतं घेऊन आग झोडपायला गेला होता. पळताना त्याचा पाय कुठल्याशा जनावराच्या बिळात गेला आणि तो पडला. मांडीचं हाड मोडलं होतं. त्याला उठता येत नव्हतं, पण तो पूर्ण शुद्धीवर होता. आग त्याच्यापासून आमच्या घराच्या अंगणाएवढ्या अंतरावर होती.

डेल उतरून त्याच्याकडे धावला. मी नळी घेऊन मागून गेले. आगीची एक जीभ वॉल्टकडे येत होती, दुसरी उजवीकडून बार्नकडे निघाली होती. बार्नकडची आग तेव्हा अगदी बारीक होती. टाकीतलं अर्धं पाणी तिथं मारलं असतं तर ती थांबली असती, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. पण मग वॉल्टसमोरची थांबली नसती.

वॉल्टनंही ते पाहिलं होतं. तो ओरडत होता, "मला सोडा. बार्नकडे जा. ऐकू येतंय का, बार्नकडे जा!"

डेलनं माझ्याकडे पाहिलं. नळी माझ्या हातात होती. मी बार्नकडे पाठ केली.

वॉल्टच्या समोरच्या आगीत मी पाणी मारत गेले. तिला फोडून पलीकडच्या काळ्यापर्यंत एक अरुंद वाट झाली. डेलनं आपला कोट वॉल्टच्या काखेखाली घातला आणि त्याला त्या वाटेनं ओढायला लागला. वॉल्टचं वजन डेलच्या दीडपट असेल. मी एका हातात नळी धरून दुसऱ्या हातानं कोटाची बाही ओढत होते. तो दुखण्यानं किंचाळत होता आणि मधूनमधून बार्नचं नाव घेत होता. आम्ही काळ्यात पोचलो, तेवढ्यात नळीतून नुसती हवा यायला लागली.

मग तिघं तिथंच बसून राहिलो. बार्नच्या भिंतीला आग लागली. पुलाकडची मंडळी नळ्या जोडत, खांद्यावर वाहत येत होती, पण ती पोचेपर्यंत छप्पर खाली आलं होतं. वॉल्ट पाहत होता. त्यानं तोंड फिरवलं नाही.

हॉस्पिटलमध्ये मी त्याला भेटायला गेले, तर त्यानं नर्सकडून निरोप पाठवला की तो झोपलाय. पुढच्या वर्षी, आमच्या दलाच्या वार्षिक पॅनकेकच्या न्याहारीला तो आला नाही. आधी तो सगळ्यांच्या आधी येऊन रांगेत उभा राहायचा. दुकानात समोर आला तर काठी टेकत दुसऱ्या बाजूला वळायचा. डेलशीही तो बोलायचा नाही, पण माझ्याशी जास्त बोलायचा नाही, असं म्हटलं तर कळेल.

मी श्रीकांतला म्हटलं, "माणूस वाचवला आणि माणूसच गमावला."

श्रीकांत म्हणाला, "तू त्याला बार्न वाचवून दिलं असतंस, तर कॉफी कोण देणार होतं?" हिशेब बरोबर होता. त्यानं बरं मात्र वाटलं नाही.

२००७ मध्ये रन्टचा प्रश्न टाउनशिपच्या सभेत आला. तिची चौकट गंजली होती. तिला नवं आयुष्य द्यायचं, की तिला काढून तो पैसा ओढ्यावरचा पूल पक्का बांधण्यात घालायचा? दोन्ही एकदम होण्यासारखं नव्हतं. मी रन्टच्या बाजूनं बोलले. मी प्रेझेंटेशन बनवलं होतं. त्या वेळपर्यंत मला एका कंपनीत पुन्हा अर्धवेळ काम मिळालं होतं आणि प्रेझेंटेशन हा माझा हातखंडा. ओढ्यापलीकडचा माणूस आज जिवंत आहे तो या गाडीमुळे, असं मी शेवटी म्हटलं. टाळ्या पडल्या.

मग मागच्या रांगेतून वॉल्ट उठला. तो आलाय हे मी पाहिलंच नव्हतं. काठी टेकत तो पुढे आला.

"ही बाई म्हणते ते खरं आहे," तो म्हणाला. "त्या गाडीमुळे मी जिवंत आहे. पण ती गाडी लहान आहे. तिच्यात एकाच गोष्टीपुरतं पाणी होतं. पलीकडे आता चार नवी घरं झालीत, त्यांत लेकरंबाळं आहेत. पुढच्या वेळी कोणावर निवड करायची पाळी आणू नका. पूल बांधा."

एवढंच बोलून तो खाली बसला. ठराव पुलाच्या बाजूनं झाला.

बाहेर पार्किंगमध्ये मी डेलवर चिडले. "तू काहीच का बोलला नाहीस? तूच बांधलीस ना ती गाडी?"

"मीच बांधली," डेल म्हणाला. "आणि तो बरोबर बोलतोय. तुलाही ते कळतंय, म्हणून चिडली आहेस."

मला ते कळत होतं. पुढच्या वर्षी पूल झाला. सिमेंटचा, रुंद. उन्हाळ्यात पलीकडच्या एका नव्या घराचं गॅरेज पेटलं तेव्हा मोठा बंब थेट दारापर्यंत गेला आणि घर वाचलं. पंपाशी मीच उभी होते. त्या दिवशी पाणी कुठं मारायचं याचा विचार कोणाला करावा लागला नाही. टाकी मोठी होती आणि मागून टँकर येत होता.

रन्ट आम्ही उत्तरेकडच्या एका अगदी लहान गावाच्या दलाला द्यायचं ठरवलं. त्यांच्याकडे जंगलातल्या अरुंद वाटांवर जाईल असं काहीच नव्हतं. गाडी पोचवायची होती. डेलची कंबर धरली होती, म्हणून मी जाणार होते. येताना त्यांच्यापैकी कोणीतरी मला बस पकडून देणार होतं.

सकाळी स्टेशनवर गेले तर वॉल्ट दाराशी उभा. इस्त्रीचा शर्ट, हातात पुठ्ठ्याचं खोकं.

"माझी बहीण तिकडे राहते," तो म्हणाला. "वाटेत सोडशील?"

बहिणीबद्दल मी याआधी कधी ऐकलं नव्हतं. तरी मी बसा म्हटलं.

दोन-अडीच तास आम्ही हवेबद्दल, मक्याबद्दल बोललो. मग पाइनची जंगलं लागली. इंजिनाचा आवाज, खिडकीतून वारा. तो म्हणाला, "त्या दिवशी मी ओरडलो होतो."

"हो."

"बार्नकडे जा म्हणून."

"हो."

"पंपाचा आवाज फार होता," तो म्हणाला. "तुला ऐकू गेलं नसणार. इतकी वर्षं मी तेच धरून चाललोय. हिला ऐकू गेलं असतं तर ही गेली असती. म्हणजे मी राहिलो तो चुकून राहिलो. माझ्या बापाचं बार्न गेलं आणि मी चुकून राहिलो."

मी रस्त्याकडे पाहत होते. "मला ऐकू आलं होतं, वॉल्ट."

"काय?"

"स्पष्ट ऐकू आलं होतं. डेललाही आलं होतं. बार्नकडची आग मी पाहिली होती. तुमचं ऐकायचं नाही, असं मी ठरवलं."

मग त्यानं खोकं उघडलं. आत सफरचंदाचा पाय होता. त्यानं खिशातल्या चाकूनं एक तुकडा कापून मला दिला. मी एका हातानं गाडी चालवत तो खाल्ला. त्याचे डोळे ओले होते की वाऱ्यानं तसे झाले होते, मी पाहायला गेले नाही.

बहीण खरोखरच होती. पण तिच्या घराच्या वळणाशी मी गाडी हळू केली, तर तो म्हणाला, "आधी ही पोचवू. तिला काय घाई आहे."

त्या गावाचं स्टेशन म्हणजे पत्र्याची एक शेड. सगळं दल बाहेर येऊन उभं होतं. मी त्यांना पंप सुरू करून दाखवला, चोकची गोष्ट सांगितली, टाकी पाझरते तो कोपरा दाखवला. त्यांच्या प्रमुख एक पोक्त बाई होत्या. त्यांनी वाकून सगळं नीट पाहिलं, दोरी स्वतः खेचून पाहिली. मग काठी टेकून बाजूला उभ्या असलेल्या वॉल्टकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्हीही यांच्या दलात आहात का?"

"नाही," वॉल्ट म्हणाला. "मी यांचं गिऱ्हाईक."